जुनी स्पोर्ट्स कार घेण्याआधी गाडीखाली शिरा

जुन्या स्पोर्ट्स कारच्या व्यवहारात लोक फसतात ते क्रम चुकल्याने. फोटो बघून जीव जडतो, घाईत विसार दिला जातो, नंतर मेकॅनिकला फोन होतो आणि गाडीखाली वाकून बघायची वेळ सगळ्यात शेवटी येते. तोपर्यंत गंज दिसला तरी माणूस स्वतःचीच समजूत काढतो, की एवढं तर चालायचंच.

हा लेख परवडणारी जुनी स्पोर्ट्स कार घेण्याच्या योग्य क्रमाबद्दल आहे. 'परवडणारी' म्हणजे इथे साधारण १९६० ते २००० या काळातली, मोठ्या संख्येने बनलेली, जिचे पार्ट्स आजही मिळतात अशी छोटी स्पोर्ट्स कार. लिलावात जाणाऱ्या दुर्मीळ गाड्यांचं गणित वेगळं असतं, ते इथे नाही.

## १. गाडी शोधण्याआधी स्वतःचा हिशेब

कागद घ्या आणि चार गोष्टी लिहा. गाडी किती चालवणार: रविवार सकाळपुरती की रोज? ठेवणार कुठे: कोरड्या, बंद जागेत की उघड्यावर? हाताने किती काम करता येतं: ऑइल बदलण्याइतकं की कार्ब्युरेटर खोलण्याइतकं? आणि तुमची उंची किती? शेवटचा प्रश्न गमतीचा वाटतो, पण या गाड्या छोट्या असतात. सहा फुटी माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागतात किंवा डोकं टपाला टेकतं, आणि हे लक्षात येतं गाडी घरी आणल्यावर. म्हणून ज्या मॉडेलचा विचार आहे त्यात आधी अर्धा तास नुसते बसा. क्लच, ब्रेक दाबून बघा. जुन्या गाड्यांत पेडल जवळजवळ असतात, रुंद बूट अडकतो.

आता पैसे. एकूण जेवढे बाजूला काढलेत त्यातले सत्तर टक्क्यांपर्यंतच खरेदीवर घाला, हा माझा नियम. उरलेले तीस टक्के पहिल्या वर्षात लागतात. टायर, ब्रेक, रबरी पाइप, रेडिएटर यांतलं काही ना काही निघतंच, विकणारा कितीही सज्जन असला तरी.

स्वस्त गाडी घेऊन हळूहळू नीट करू, हा विचार सगळ्यात महागात पडतो. पत्र्याचं वेल्डिंग, रंग, क्रोम आणि आतलं सीटकाम या चार कामांचा खर्च साध्या मॉडेललाही तेवढाच येतो जेवढा किमती मॉडेलला येतो. फक्त साध्या मॉडेलची किंमत त्यानंतर वाढत नाही. दुसऱ्या कोणीतरी पैसे घालून नीट केलेली, रस्त्यावर धावणारी गाडी घ्या. त्याचा तोटा तो तुमचा फायदा.

तपासा: तुमच्याकडे अशा गाडीची नोंदणी, धुराचे नियम आणि विमा यांचं काय, हे आत्ताच विचारा. विमा घेताना गाडीची किंमत आधीच दोघांच्या संमतीने ठरवून लिहिलेली असावी. नाहीतर अपघातानंतर कंपनी तिला नुसती 'जुनी गाडी' म्हणून मोजते.

## २. मॉडेल ठरवा, तेही तिच्या दुखण्यासकट

प्रत्येक मॉडेलची दुखणी ठरलेली असतात. ती पाठ नसतील तर गाडी बघायला जाऊच नका. काही नेहमीची नावं घेतो.

एमजीबी (१९६२ ते १९८०). पाच लाखांहून जास्त बनल्या, त्यामुळे पार्ट्सची चिंता सर्वात कमी. आख्खी नवी बॉडीसुद्धा मिळते. हिला वेगळी चासी (बॉडीखालची भार घेणारी चौकट) नाही, पत्र्याचा सांगाडाच सगळा भार घेतो. दाराखालची जी लांब पोकळ पेटी असते, जिला सिल म्हणतात, ती हिचा कणा आहे आणि ती अनेक थरांची आहे. बाहेरचा थर नवा, चकचकीत आणि आतले कुजलेले, हा हिच्यातला नेहमीचा डाव. १९७४ च्या अखेरीपासून काळे रबरी बंपर आले आणि गाडीची उंची वाढवली गेली. त्या गाड्या वळणावर जास्त झुकतात, म्हणून क्रोम बंपरवाल्यांपेक्षा स्वस्त मिळतात. नुसतं फिरायला घ्यायची असेल तर हा सौदा वाईट नाही.

ट्रायम्फ स्पिटफायर (१९६२ ते १९८०). आख्खा पुढचा भाग बॉनेटसारखा वर उघडतो, त्यामुळे शिकाऊ माणसाला काम करायला ही उत्तम. वेगळी चासी आहे, पण त्या भरवशावर राहू नका. हिच्याही सिल भार घेतात. सुरुवातीच्या गाड्यांचं मागचं सस्पेन्शन वळणात अचानक ब्रेक मारला तर चाक आत दुमडल्यासारखं वागतं. १९७० च्या मार्क ४ पासून ते बरंच सुधारलं. इंजिनात क्रँकचे (मुख्य फिरत्या दांड्याचे) थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला पुढे-मागे सरकू न देणाऱ्या चकत्या, झिजतात. त्याची तपासणी सहाव्या टप्प्यात सांगतो.

माझदा एमएक्स-५, पहिली पिढी (१९८९ ते १९९७). आयुष्यातली पहिलीच जुनी स्पोर्ट्स कार असेल तर माझं मत हिलाच. इंजिन दणकट, आणि टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांचा मेळ राखणारा पट्टा) तुटला तरी या पिढीत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळत नाहीत. दुखणं एकच, पण मोठं. कापडी टपावरचं पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या पाल्यापाचोळ्याने तुंबतात, पाणी सिलमध्ये साचतं आणि मागच्या चाकाच्या अगदी पुढे पत्रा आतून सडतो. अगदी सुरुवातीच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकच्या पुढच्या टोकाची पुली सैल पडून खाच झिजते. पुली फिरताना डगमगते का, ते चालू इंजिनात लांबून बघा.

पोर्शे ९४४ (१९८२ ते १९९१). पत्र्यावर जस्ताचा थर असल्याने गंज कमी, चालवायला अप्रतिम. पण हिचा टायमिंग बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह वाकतातच. गिअरबॉक्स मागच्या बाजूला असल्याने क्लच बदलणं म्हणजे अर्धी गाडी उतरवणं. बेल्ट आणि क्लच कधी बदलले याचं बिल नसेल, तर दोन्ही बदलायचेच आहेत असं धरून भाव ठरवा. सर्वात स्वस्त पोर्शे हीच अनेकदा सर्वात महाग ठरते.

टोयोटा एमआर२, पहिली (१९८४ ते १९८९). इंजिन सीटमागे, रेडिएटर पुढे. त्यामुळे पाण्याचे लांब पाइप गाडीच्या पोटाखालून जातात आणि तेच गंजतात. मागच्या चाकांवरच्या कमानी बघा. ओल्या रस्त्यावर वळणात एकदम ॲक्सिलरेटर सोडू नका.

अल्फा रोमिओ स्पायडर (१९६६ ते १९९३). इंजिन आवाजानेच वेड लावतं. दुसऱ्या गिअरचं सिंक्रो (गिअर न खरखरता बसवणारा भाग) कमजोर आणि फ्लोअरला गंज, या दोन गोष्टी गृहीतच धरा.

लोटससारख्या फायबरच्या बॉडीला गंज लागत नाही म्हणून बिनधास्त राहू नका. खालची चासी बहुतेकदा लोखंडी असते, आणि फायबरच्या चिरा दुरुस्त करणारा हात सहज सापडत नाही.

यातली एक किंवा फार तर दोन मॉडेल निवडा. त्या मॉडेलच्या मालकांचा क्लब गाठा आणि घ्यायचा विचार नसलेल्या निदान तीन गाड्या चालवून बघा. चांगली गाडी कशी चालते हे अंगाला कळल्याशिवाय वाईट ओळखू येत नाही.

## ३. फोनवरच गाळणी लावा

जायच्या आधी पंधरा मिनिटं बोला. गाडी किती वर्षं तुमच्याकडे आहे? शेवटची नीट रस्त्यावर कधी धावली? वेल्डिंग कुठे आणि कोणी केलं? कागद तुमच्याच नावावर आहेत का, कर्ज आहे का? बेल्ट, क्लच, ब्रेक कधी बदलले? उत्तरांपेक्षा उत्तर देण्याची पद्धत ऐका. आठ-दहा वर्षं गाडी सांभाळलेला माणूस विचारल्याविना तिच्या तक्रारी सांगतो.

मग फोटो मागा: दोन्ही सिल खालून, डिकीचा तळ स्टेपनी काढून, सीटखालचा फ्लोअर, चासी नंबरची पट्टी. 'नुकतीच पूर्ण रिस्टोअर केलेली' गाडी असेल तर काम चालू असतानाचे फोटो हवेत. उघड्या पत्र्याचा एकही फोटो नसेल तर नवा रंग हे फक्त पांघरूण समजा.

शेवटी एक विनंती, आणि तीच सगळ्यात महत्त्वाची: मी येईपर्यंत गाडी चालू करू नका.

सावध: "थोडंसं काम आहे, पार्ट सोबत देतो" असं म्हणणाऱ्याला विचारा, मग ते काम तुम्हीच का नाही केलंत? पार्ट हातात असताना काम राहिलं, तर काम पार्टपेक्षा मोठं असतं.

## ४. पोचल्यावर आधी कागद

गाडीकडे बघायच्या आधी घरात बसून कागद बघा. गाडी एकदा दिसली की कागदात लक्ष लागत नाही; माझं तरी लागत नाही.

नोंदणीवरचं नाव आणि समोरच्या माणसाचं ओळखपत्र जुळलं पाहिजे. "भावाची आहे, मी फक्त विकून देतोय" म्हणाला तर भावाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. चासी नंबर तीन ठिकाणी जुळवा: कागदावर, पट्टीवर आणि बॉडीत जिथे ठोकलेला असतो तिथे. पट्टी नव्या रिव्हेटने बसवलेली असेल किंवा नंबरभोवती घासल्याच्या खुणा असतील तर नमस्कार करून निघा. इंजिन नंबर वेगळा असणं मात्र गुन्हा नाही. इतक्या वर्षांत इंजिनं बदलली जातात. फक्त ते कागदावर असावं आणि 'मूळ इंजिन' म्हणून जास्त पैसे मागितलेले नसावेत.

किलोमीटरवर विश्वास ठेवू नका. अनेक जुन्या मीटरवर पाचच आकडे असतात. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यापेक्षा जुनी बिलं तारखेप्रमाणे लावा आणि त्यांवरचे मीटरचे आकडे वाचा. मधली सात-आठ वर्षं कोरी असतील तर गाडी उभी होती. उभी राहिलेली गाडी चालत्या गाडीपेक्षा जास्त बिघडलेली असते: रबरी सील वाळतात, टाकीत गंज धरतो, ब्रेक अडकतात.

## ५. पत्रा: अर्धा वेळ इथे घाला

इंजिन बिघडलं तर उतरवून टेबलावर नीट करता येतं. पत्रा कुजला तर आख्खी गाडी सोलावी लागते. म्हणून दोन तास असतील तर एक तास इथे.

सोबत न्यायचं सामान: टॉर्च, पातळ लोहचुंबक (ओरखडा पडू नये म्हणून फडक्यात गुंडाळून), छोटा आरसा, जॅक आणि दोन स्टँड, खाली अंथरायला सतरंजी, मळले तरी चालतील असे कपडे. दिवसाउजेडी जा आणि गाडी कोरडी असू द्या. ओल्या रंगाखाली सगळे दोष लपतात. नुकतीच धुतलेली गाडी दिसली तर चहा घ्या आणि सुकू द्या.

पहिलं, लांबून बघा. दहा पावलं मागे जा. दार, बॉनेट, डिकी यांच्या फटी सारख्या आहेत का? उघड्या टपाच्या गाडीत दाराची मागची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसली, तर सिल खचून गाडी मधे वाकलीय. एका बाजूला खाली बसून पत्र्यावर नजर तिरकी टाका. पुट्टी भरलेली जागा लाटेसारखी दिसते.

दुसरं, चुंबक फिरवा. सिल, चाकांच्या कमानी, दारांची खालची कड, पुढच्या दिव्यांभोवती. जिथे चुंबक धरत नाही तिथे पुट्टी जाड आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तम: कंपनीचा रंग साधारण १०० ते १८० मायक्रॉन भरतो, ३०० च्या वर गेला की दुसऱ्यांदा रंग झालाय, आणि आकडा हजारात गेला तर खाली पुट्टीच आहे. दुसऱ्यांदा रंगवणं वाईट नाही. कुठे आणि का रंगवलं, हे विकणाऱ्याने सांगितलेल्याशी जुळतंय का, एवढं बघा.

तिसरं, आत हात घाला. कार्पेट उचला. विकणारा "चिकटवलंय" म्हणाला तर कडेने तरी उचला. फ्लोअर ओला आहे का, वास येतो का? सीटमागचा कप्पा, डिकीचा तळ, स्टेपनीचा खड्डा, बॅटरीची जागा तपासा. एमजीबीत बॅटरी सीटमागच्या कप्प्यात असते आणि तिथला पत्रा ॲसिडने खाल्लेला सापडतो. दार अर्धं उघडून टोकाला धरून वर उचला. खडखडलं तर बिजागरी झिजली आहे, आणि बिजागरीचा खांबच हलला तर सौदा संपला.

चौथं, गाडीखाली शिरा. जॅक लावायच्या जागा, स्प्रिंगचे पाटे आणि सस्पेन्शन जिथे बॉडीला जोडलेले आहेत ते कोपरे, ब्रेकचे लोखंडी पाइप. विकणाऱ्याची परवानगी घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा टणटणतो, कुजलेला थपथपतो. वेल्डिंग दिसलं तर सलग आहे की ठिपक्या-ठिपक्यांचं? कुजलेल्या पत्र्यावर नवा तुकडा चिकटवलेला असेल तर खालची कीड चालूच आहे. आणि पोटाला ताजं, काळं, जाड अंडरकोट लावलेलं असेल तर मी लगेच सावध होतो. विकायच्या आधीच्या आठवड्यात कोणी हौसेने ते लावत नाही.

पाचवं, जॅकची परीक्षा. उघड्या टपाच्या गाडीत ही विसरू नका. दार बंद करून त्याची फट नीट बघून ठेवा. ठरलेल्या जागी जॅक लावून एक बाजू थोडी उचला आणि दार उघडा-मिटवा. मी एकदा लाल रंगाच्या एका सुंदर गाडीखाली असाच जॅक लावला. दोनदा दांडा मारला आणि दार उघडेचना. मालक म्हणाला, "जरा जोर लावा." मी जॅक उतरवला आणि चहा न घेता निघालो.

सावध: नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नका. आधी स्टँड, मग शरीर. गंजलेल्या गाडीत जॅकची जागाच आत घुसते.

इथवर गाडी नापास झाली असेल तर थांबा. इंजिन ऐकू नका. गोड आवाज ऐकला की कुजलेली सिलसुद्धा किरकोळ वाटायला लागते.

## ६. थंड इंजिन

बॉनेटवर हात ठेवा. गरम असेल तर, तुम्ही सांगूनही, गाडी आधी चालू केलेली आहे. थंड असताना सुरू न होणं, सुरुवातीचा धूर, सुरुवातीची खडखड हे सगळं त्याने लपतं. दुसऱ्या दिवशी या.

थंड असेल तर ऑइलची दांडी काढा, बोटांवर चोळा. कचकच लागली तर आत धातू झिजतोय. भरायच्या तोंडाच्या झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर घाबरण्याआधी दांडी बघा: जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत बाष्पामुळेही झाकणाला साय धरते, पण दांडीवरचं ऑइलही दुधाळ असेल तर हेड गॅस्केट (इंजिनचं वरचं डोकं आणि ब्लॉक यांमधली सीलबंद पट्टी) गेलं. रेडिएटरचं झाकण आत्ताच, इंजिन थंड असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग नको, तांबडा गाळ नको.

चालू करा. ऑइल प्रेशरचा काटा काही क्षणांत वर यायला हवा. मागे सायलेन्सरजवळ कोणाला तरी उभं करा:

- सुरुवातीची पांढरी वाफ विरली तर ठीक. गरम झाल्यावरही येत राहिली तर पाणी सिलिंडरमध्ये जातंय.
- काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. बहुतेक कार्ब्युरेटर लावून घेतला की जातो.
- निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. तो कधी येतो हे ट्रायलमध्ये बघायचं आहे.

वरून येणारी बारीक टिकटिक जुन्या इंजिनात चालते. खालून येणारा जड ठोका चालत नाही.

स्पिटफायर असेल तर आता ती तपासणी: इंजिन चालू असताना कोणाला तरी क्लच दाबायला सांगा आणि पुढच्या पुलीकडे बघा. पुली ठळकपणे पुढे-मागे सरकली तर थ्रस्ट वॉशर झिजलेत. वेळीच बदलले तर काम छोटं. खाली पडले असतील तर क्रँक आणि ब्लॉक दोन्ही जातात.

जमल्यास कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा सगळ्या सिलिंडरचे आकडे जवळजवळ आहेत का, हे महत्त्वाचं. दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर कारण शोधायला हवं.

मग प्रत्येक स्विच दाबा. दिवे, वायपर, हॉर्न, पंखा, वर येणारे हेडलाइट. जुन्या इंग्लिश वायरिंगवर विनोद पुष्कळ आहेत, पण बहुतेक रोग कुजलेल्या अर्थिंगचा निघतो आणि स्वस्तात बरा होतो. भीती वाटावी ती डॅशबोर्डखाली लोंबणाऱ्या, टेप गुंडाळलेल्या, रंगीबेरंगी जोडवायरींची. १९६७ पूर्वीच्या एमजीबीत बॅटरीची अधिक बाजू बॉडीला जोडलेली असते. कोणी न बघता आधुनिक रेडिओ लावला असेल तर पुढचं सांगायला नको.

## ७. ट्रायल: निदान अर्धा तास

निघण्याआधी ब्रेक पेडल दाबून मिनिटभर धरून ठेवा. हळूहळू खाली गेलं तर ब्रेकचा मास्टर सिलिंडर गळतोय आणि ट्रायल तिथेच संपली.

पहिली दहा मिनिटं मालकाला चालवू द्या. तो कुठला गिअर हळुवारपणे टाकतो, कुठे क्लच दोनदा मारतो, कुठल्या खड्ड्याला घाबरतो, ते बघा. इतकी खरी माहिती तो तोंडाने देणार नाही.

मग तुम्ही घ्या. चौथ्या गिअरमध्ये कमी वेगावर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबा. इंजिनचा आवाज चढला आणि वेग तेवढा वाढला नाही तर क्लच घसरतोय. तिसऱ्यातून दुसऱ्यात या. खर्रकन वाजलं तर सिंक्रो गेलं. गिअर टाकून ॲक्सिलरेटर दाबा-सोडा. गिअर आपोआप बाहेर येता कामा नये. ओव्हरड्राइव्ह (लांब रस्त्यासाठीचा जादा गिअर) असेल तर चालू-बंद करून खरंच लागतो का बघा. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं धरून ब्रेक लावा. गाडी एका बाजूला ओढली तर ब्रेकचा कॅलिपर अडकलाय.

आता निळा धूर. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरमध्येच खाली या, मग एकदम दाबा आणि आरशात बघा. दाबल्याबरोबर भपकारा आला तर व्हॉल्व्हचे गाइड किंवा सील झिजलेत. हे काम हेडपुरतं असतं. जोर लावताना सतत धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंग गेल्यात आणि आख्खं इंजिन खोलायचं आहे. दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचं अंतर आहे, म्हणून नुसतं 'धूर आहे' असं लिहून भाव करायला बसू नका.

परत आल्यावर इंजिन चालूच ठेवा. गरम इंजिनात, मंद गतीवर ऑइल प्रेशर किती उरतं? पाण्याचा काटा चढतोय का, पंखा लागतो का? बंद करा, दहा मिनिटं थांबा, पुन्हा चालू करा. थंड असताना लगेच सुरू होणाऱ्या कितीतरी गाड्या गरम झाल्यावर रुसतात. मग खाली वाका. मघाशी कोरडी असलेली जागा आता ओली आहे का?

तारांची चाकं असतील तर प्रत्येक तारेवर स्पॅनर हलकेच मारत जा. सगळ्यांचा सूर सारखा हवा. बद्द वाजणारी तार सैल. हँडब्रेक सोडून, चाक जमिनीवरून उचलून, ब्रेक दाबलेला असताना ते पुढे-मागे हलवा. 'टक' आवाज आला तर हबच्या खाचा झिजल्यात.

## ८. भाव आणि पैसे

दोषांची यादी करा आणि प्रत्येकासमोर दुरुस्तीचा खर्च लिहा. माहीत नसेल तर रात्री विचारून दुसऱ्या दिवशी बोला. भाव त्या यादीवरून करा. गाडीला नावं ठेवू नका. ज्याने ती पोरासारखी सांभाळली त्याला ते लागतं, आणि दुखावलेला माणूस भाव कमी करत नाही.

गाडी कितीही आवडली तरी, दुसऱ्या नजरेशिवाय पैसे देऊ नका. ते मॉडेल रोज हाताळणारा मेकॅनिक पैसे देऊन आणा. विकणाऱ्याने सुचवलेला मात्र नको. विसार दिलात तर कागदावर लिहा: किती, कशासाठी, तपासणीत मोठा दोष निघाला तर परत मिळणार की नाही. बाकी रक्कम बँकेतून, कागदांवर सह्या होताना. जास्तीचे पार्ट, जुनी बिलं, दुसरी किल्ली, टपाचं कव्हर हे सगळं त्याच दिवशी घेऊन निघा. "नंतर पाठवतो" म्हटलेली पेटी सहसा येत नाही.

सावध: गाडी बरीच वर्षं उभी असेल तर ती चालवत घरी नेऊ नका. ट्रकवर टाका.

## ९. घरी आणल्यावर, आणि याच क्रमाने

सर्वात आधी थांबवणाऱ्या गोष्टी, मग चालवणाऱ्या.

टायर. नक्षी खोल असली तरी वय बघा. बाजूवर डॉट (DOT) या अक्षरांनंतरच्या आकड्यांतले शेवटचे चार वाचा: पहिले दोन आठवडा, नंतरचे दोन वर्ष. २३१२ म्हणजे २०१२ चा तेविसावा आठवडा. तीनच आकडे असतील तर टायर २००० च्या आधीचा आहे, आजच काढा.

ब्रेक. ऑइल हवेतला ओलावा शोषतं, म्हणून सगळं काढून नवं भरा आणि पुढे दर दोन वर्षांनी बदला. रबरी होजही आताच बदला. ती आतून फुगून बंद होते आणि बाहेरून चांगली दिसते.

पेट्रोलचे पाइप. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुनं रबर खातं. वाकवून बघा, चिरा पडल्या तर सगळी नळी त्याला चालणाऱ्या रबराची टाका. गाडीत अग्निशामक ठेवा, तोही सीटवरून हात पोचेल असा. शिशाच्या पेट्रोलच्या काळातलं इंजिन असेल तर हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवल्यात का, हे जुन्या बिलांत शोधा. नसतील तर व्हॉल्व्हची फट वारंवार मोजत राहा. ती झपाट्याने कमी होत असेल तर सीट झिजतायत.

टायमिंग बेल्ट, पाणी, ऑइल. बेल्ट कधी बदलला याचं बिल हातात नसेल तर तो बदललाच नाही असं समजा. पट्ट्याबरोबर पाण्याचा पंपही घ्या, खोललेलंच असतं.

पहिला महिनाभर रंग, रेडिओ, नवं स्टिअरिंग यांना हात लावू नका. घराजवळ वीस-पंचवीस किलोमीटरच्या फेऱ्या मारा. प्रत्येक फेरीनंतर गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून रात्रभर ठेवा आणि सकाळी डाग कुठे पडले ते त्यावरच पेनाने लिहा: पुढे हिरवा किंवा केशरी म्हणजे पाणी, मधे काळा-तपकिरी म्हणजे इंजिन किंवा गिअरबॉक्स, चाकाजवळ पातळ आणि बुळबुळीत म्हणजे ब्रेक. चाकाजवळचा डाग दिसला त्या दिवशी गाडी बाहेर काढू नका.